अर्ज दप्तरी दाखल

नागपूरला कोर्टाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक कॉम्प्युटर, दोन प्रिंटर (त्यातला एक कायम रुसलेला) आणि एक बाकडं. त्या बाकड्यावर बसून लोक तासभर बोलतात आणि मी त्यातलं दीड पान टाइप करते. भाडेकरार, नावातला बदल, रेशनकार्ड, आणि महिन्यातून दोन-चार अर्ज तरी असे की माणूस आधी मागे वळून बघतो, मग हळूच म्हणतो, ताई, पोलिसाविरुद्ध लिहायचं आहे.

असे अर्ज मी इतके टाइप केलेत की मायना झोपेत पण म्हणेन. पण घरचा टाइप करायची वेळ आली तेव्हा कळलं की अर्ज दुकानातून बाहेर पडल्यावर त्याचं काय होतं हे मला काहीच माहीत नव्हतं. पैसे घेतले, प्रिंट दिली, संपलं.

झालं असं की २०२४ चा ऑगस्ट, पोळा जवळ आलेला, माझा भाचा गणपतीच्या मंडपाच्या डेकोरेशनचं काम करून रात्री एक-दीडला घरी येत होता. नाकाबंदी. गाडीचे कागद होते, लायसन होतं, हेल्मेट नव्हतं, म्हणजे चालान फाडायला पाहिजे होतं तर फाडा ना. पण त्याला म्हणाले बाजूला हो, डिक्की उघड, मोबाइल दाखव. आणि हा बावीस वर्षांचा, यूट्यूब पाहून शहाणा झालेला. "आत्या, मी फक्त इचारलं का मोबाइल कोणत्या कलमात पाह्यता, तर त्यायनं कानाखालीच वाजवली." तिथून ठाण्यात नेलं, पहाटे पाचपर्यंत बाकड्यावर बसवलं, घरी फोन करू दिला नाही, आणि पाचला म्हणाले जा. कागद काहीच नाही. आला कधी, गेला कधी, कशाची नोंद नाही. म्हणजे कागदाच्या हिशेबानं तो त्या रात्री ठाण्यात नव्हताच.

कानातून आवाज येत होता म्हणून सकाळी मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नेला. तिथं मी एक गोष्ट बरोबर केली, डॉक्टरला सांगितलं की मारहाण आहे, एमएलसी करा, म्हणजे मेडिको-लीगल केस अशी नोंद. कारण नाहीतर कागदावर नुसतं 'कान दुखणे' येतं आणि मग कान काय सर्दीनं पण दुखतो.

मारणारा कोण हे सांगता येईना. पाऊस होता, सगळे रेनकोटमध्ये, नावाची पट्टी आत. आता १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं डी. के. बसूच्या केसमध्ये अकरा गोष्टी सांगून ठेवल्यात, त्यातली पहिलीच ही की अटक करणाऱ्या, चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. नातेवाइकाला कळवायचं, अटकेचा पंचनामा करायचा, हे पण त्यातच. पण अटक दाखवलीच नाही तर पंचनामा कशाचा करणार, ही त्यातली गंमत. 'विचारपूस करून सोडले' हे तीन शब्द म्हणजे मोठी पळवाट आहे. मी अर्जात लिहिलं, 'अनोळखी पोलीस कर्मचारी, ओळख परेड केल्यास ओळखू शकेल.'

आमचा पहिला अर्ज त्याच ठाण्यात नेला. घेतला नाही. ड्युटीवरचे म्हणाले ठाणेदार साहेब आले की या. (बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे विदर्भात इन्चार्ज पीआयला ठाणेदारच म्हणतात, मुंबई-पुण्याकडे सिनियर पीआय.) तीन दिवस साहेब आलेच नाहीत म्हणे, मग आम्ही वरच्या ऑफिसात आवक-जावकला अर्ज दिला, पोचचा शिक्का घेतला आणि मिठाई मिळाल्यासारखे घरी आलो.

आणि इथं मला पहिल्यांदा समजलं की अर्ज कसा चालतो. वरून तो खाली येतो. साहेब शेरा मारतात, 'चौकशी करून अहवाल सादर करावा', तो एसीपींकडे, तिथून ठाण्यात, ठाण्यात ठाणेदार कुणा हवालदाराच्या नावावर टाकतो. दीड महिन्यानं फोन आला तो त्याच ठाण्यातून. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तो आणि जो चौकशी करणार तो, दोघं एकाच टपरीवर चहा पितात. मी कुणा एकाला वाईट म्हणत नाही, तुम्ही स्वतःला विचारा, शेजारच्या टेबलावरच्या माणसाविरुद्ध तुम्ही काय लिहाल.

जबाबाचा दिवस. दिवाळीच्या आधीचा आठवडा, ठाण्यात गर्दी. हवालदार वयानं मोठे, बोलायला चांगले, पाणी पण दिलं. मोबाइल बाहेर ठेवा म्हणाले, ठेवला. मग कॉम्प्युटरवरून एक कागद काढून भाच्यापुढे ठेवला, सही कर बेटा. मी म्हटलं जरा वाचू द्या. टायपिंग हाच धंदा असल्यामुळे माझी नजर आधी चुकांवर जाते. पहिलीच ओळ, नाव भाच्याचं, आणि पुढे 'वय ४५ वर्षे, धंदा शेती'. बावीस वर्षांचं पोर, शेत आमच्या खानदानात कुणाकडे नाही. म्हणजे आधीच्या कुणातरी माणसाचा जबाब कॉपी करून फक्त नाव बदललेलं. आणि खाली, 'मी समक्ष हजर राहून विचारलेवरून सांगतो की, सदरचा अर्ज मी गैरसमजातून दिलेला असून माझी कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही. हा माझा जबाब टाइप केला तो मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.'

एक शब्द विचारायच्या आधी जबाब तयार.

मला तर आधी हसूच आलं, मग लगेच त्या ४५ वर्षांच्या शेतकऱ्याचा विचार आला. त्याची काय तक्रार होती? त्यानं वाचलं का सही करताना? त्याच्यासोबत कुणी टायपिंगवाली आत्या नव्हती.

मी म्हटलं भाऊ, हे आमचं म्हणणं नाही. ते म्हणाले ताई, चुकून राहिलं असंल, वय दुरुस्त करून देतो. मी म्हटलं वय नाही, खालचं दुरुस्त करा. मग ते खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "पाहा ताई, पोराचं वय लहान आहे, उद्या नोकरी लागंल, पासपोर्ट काढंल, चारित्र्य पडताळणी फिरून आमच्याकडंच येते." धमकी होती का सल्ला होता, आजवर कळलं नाही. दोन्ही असेल.

आम्ही मागच्या कोऱ्या बाजूला हातानं लिहिलं की टाइप केलेला जबाब मान्य नाही, स्वतंत्र लेखी म्हणणं जोडलं आहे, आणि सही केली. ते कागद घेऊन आत गेले, वीस मिनिटं आले नाहीत, मग आले आणि कागद ठेवून घेतला. पोच दिली नाही. मी तिथून सरळ जीपीओत गेले आणि त्याच म्हणण्याची प्रत रजिस्टर एडीनं ठाण्याला आणि वर, दोन्हीकडे पाठवली. ती पिवळी कार्डं परत आली ती मी अजून फाइलला लावून ठेवलीत. नंतर वकिलानं तीच आधी मागितली.

मोबाइलवरून आठवलं. नंतर वाचताना सापडलं की आमच्याच नागपूर खंडपीठानं २०२२ च्या जुलैत निकाल दिलाय, वर्ध्याच्या एका ठाण्यात कुणी व्हिडिओ काढला म्हणून त्याच्यावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा टाकला होता, हायकोर्टानं तो रद्द केला, म्हणाले पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. याचा अर्थ आत जाऊन रील बनवा असा नाही, दुसरी कलमं आहेतच की लावायला. पण मला त्या दिवशी हे माहीत असतं तर मोबाइल इतक्या गुमान बाहेर ठेवला नसता.

आणि कॅमेरे. २०२० च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परमवीर सिंग सैनीच्या केसमध्ये सांगितलं की प्रत्येक ठाण्यात आत येण्याच्या दारापासून लॉकअपपर्यंत सीसीटीव्ही पाहिजे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने राहिलं पाहिजे, तेवढं जमत नसेल तर निदान वर्षभर. बाहेर मोठा बोर्ड पण लावायचा की इथं कॅमेरे आहेत आणि तक्रार कुठं करायची. मी दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अधिकार टाकला, त्या रात्रीचं फुटेज द्या. उत्तर आलं, तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही. आमच्या प्रिंटरसारखा तो कॅमेरा पण नेमका पाहिजे तेव्हाच रुसतो.

जानेवारीच्या मध्यात पत्र आलं. 'चौकशीअंती अर्जात तथ्य आढळून आले नाही. सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.' दप्तरी दाखल म्हणजे कपाटात. एवढं सुंदर मराठी आणि अर्थ एवढाच.

भाऊ म्हणाला सोड आता. मी पण सोडलंच होतं, पण माझ्याकडे रोज येणाऱ्या एका वकील पोरीनं पत्र पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, घटना कधीची? मी म्हटलं ऑगस्ट. तिनं बोटं मोजली आणि म्हणाली आत्याबाई, तुमच्याकडे सव्वा महिना उरला.

हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, आणि ही पोस्ट मी खरं तर याच्यासाठीच लिहितेय. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा, त्याचं कलम १६१. पोलिसानं कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन काही केलं तर त्याच्याविरुद्धचा खटला किंवा दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे, नाहीतर चालत नाही. सरकारची आधी परवानगी आणली तर खटल्यापुरती मुदत दोन वर्षं, पण परवानगी आणणार कोण. मारहाण हे कर्तव्य कसं काय असा वाद करता येतो आणि वकील करतात पण, पण तो वाद करायची पाळीच का येऊ द्यायची. आता बघा, अर्ज वरून खाली यायला दीड महिना, जबाबाला बोलवायला तेवढाच, उत्तराला अडीच-तीन, आणि माणूस समजतो की माझी तक्रार चालू आहे. ती चालू नसतेच. चालू असतं ते घड्याळ. मानवाधिकार आयोगाचं पण तसंच, राष्ट्रीय असो का राज्याचा, घटनेला वर्ष उलटलं की ते घेत नाहीत.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती अर्ज आणि एफआयआरमधली. आपण ज्याला तक्रार म्हणतो तो ठाण्याच्या भाषेत नुसता 'अर्ज', त्याचा पाय मोडका. दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो हे सुप्रीम कोर्टानं २०१३ ला ललिताकुमारीच्या केसमध्ये पाच न्यायाधीशांच्या खंडपीठानं सांगितलंय. ठाण्यानं घेतला नाही तर नवीन कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ (४) खाली एसपींकडे लेखी पाठवायचं, शहर असेल तर आयुक्तालयाकडे, आणि तिथं पण काही झालं नाही तर १७५ (३) खाली मॅजिस्ट्रेटकडे, ॲफिडेव्हिट लावून. म्हणून ती पिवळी कार्डं. ती नसली तर कोर्ट विचारतं, आधी वर गेला होता का?

फक्त नवीन कायद्यात एक गोम आहे. सरकारी नोकरानं ड्युटी करताना काही केलं अशी तक्रार असली तर मॅजिस्ट्रेटनं आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल घ्यायचा आणि त्याचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं, मग चौकशीचा आदेश. म्हणजे कोर्टात गेलं तरी कागद परत एकदा साहेबाच्या टेबलावर. खटला चालवायला मंजुरी लागते ती वेगळीच, जुन्या कायद्यात कलम १९७ होतं, आता २१८. बरं एवढंच झालंय की १२० दिवसांत सरकारनं मंजुरीवर निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं.

आणि लाच मागितली असेल तर हे काहीच करत बसू नका, १०६४ ला फोन करा, एसीबी, म्हणजे लाचलुचपतवाले. ते आधी पंचांसमोर खातरी करतात की खरंच मागतोय का, मग पावडर लावलेल्या नोटा, मग हात धुतले की पाणी गुलाबी. आमच्या बाकड्यावर बसलेल्यांपैकी ज्यांचं काम लवकर झालं ते बहुतेक लाचेवालेच. मारहाणीला पावडर लावता येत नाही हो.

मग पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रकाश सिंग, स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक, यांनी १९९६ ला सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, दहा वर्षांनी २२ सप्टेंबर २००६ ला निकाल आला, त्यात एक आदेश असा की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला पोलिसांबाहेरचं प्राधिकरण पाहिजे, राज्याला एक आणि प्रत्येक जिल्ह्याला एक. आपल्या महाराष्ट्रानं २०१४ ला पोलीस कायद्यात बदल केला, पण जिल्ह्याऐवजी विभाग घेतला. म्हणजे गडचिरोलीच्या टोकावरच्या माणसाचं प्राधिकरण पण नागपूर विभागाचं. भामरागडहून बस पकडून कोण येतंय तारखेला? कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक किंवा डांबून ठेवणं, खंडणी, जमीन बळकावणं असे विषय तिथं चालतात. प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही, अहवाल सरकारला देतं, मग सरकारनं विभागीय कारवाई करायची, गुन्हा दिसत असेल तर ठाण्याकडे नोंदवायला पाठवायचं. म्हणजे फिरून ठाणं आलंच. तरी पण निवृत्त न्यायाधीशांसमोर समोरासमोर बसून बोलता येतं हे काही कमी नाही, आणि हे आहे हेच माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून मी आता प्रिंटरवर चिठ्ठीच चिकटवून ठेवलीय.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल हिला पोलिसांचा राग. माझ्या बाकड्यावर पोलीस पण बसतात. निलंबित झालेले, दोषारोपपत्राचं उत्तर टाइप करायला. एक हवालदार दादा वर्षभर येत होते, बंदोबस्ताला उशिरा पोचल्याचा कसुरी अहवाल (म्हणजे चुकीचा रिपोर्ट), त्यात पुढं काय काय जोडत गेले, विभागीय चौकशी लागली. निलंबनात पहिले तीन महिने अर्ध्या पगारावर काढायचे, पोरीची फी भरायची. "ताई, तक्रार खरी निघो का खोटी, पयले आम्हीच मुख्यालयात जमा. साहेबाची बदली होते, आमचा पगार अर्धा होते." त्यांची एका वर्षाची वेतनवाढ रोखली शेवटी. मला तेव्हापासून प्रश्न पडलाय की उशिरा येण्याची चौकशी इतकी कडक होऊ शकते, साक्षीदार, कागद, उलटतपासणी सगळं, म्हणजे खात्याला चौकशी करता येते. पाहिजे तेव्हा चांगलीच येते.

नागपूरला या बाबतीत लांबची आठवण आहे. १९७२ ला देसाईगंजच्या ठाण्यात, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, एका आदिवासी पोरीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला असा आरोप झाला, ते मथुरा प्रकरण (मथुरा हे त्या पोरीचं नाव). सेशन्स कोर्टानं सोडलं, १९७६ ला इथल्या नागपूर खंडपीठानं दोघांना दोषी धरलं, आणि १९७८ ला सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी उघडं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला, पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं. पोरीला स्वतःला काय मिळालं तर काही नाही. आणि ती १९९३ ची नागपूरची केस, एका माणसाला चोरीच्या संशयावरून रात्री घरातून उचलला, मारलं, तो कोठडीत मेला. पोलिसांना तीन वर्षांची शिक्षा झाली होती, सुप्रीम कोर्टानं ती वाढवून सात वर्षं केली, कधी, तर सप्टेंबर २०१८ मध्ये. पंचवीस वर्षं! मेलेल्या माणसाच्या घरात तोवर नातवंडं खेळली असतील.

आणि हे कोर्ट, माझ्या दुकानासमोरचं, इथं १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव नावाच्या गुंडाला भर कोर्टात संपवलं. आम्ही पोलिसांकडे जाऊन जाऊन थकलो, कुणी ऐकलं नाही, असं त्या बाया तेव्हापासून सांगत आल्या. ते बरोबर होतं का चूक यावर इथं चहाच्या टपरीवर अजून भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. मला फक्त वाटतं की त्या वस्तीतून आधी किती अर्ज निघाले असतील आणि ते कुठल्या कपाटात असतील.

आमचं पुढं असं झालं की फेब्रुवारीत, मुदत संपायच्या नऊ दिवस आधी, खासगी फिर्याद दाखल केली आणि प्राधिकरणात पण अर्ज दिला. ॲफिडेव्हिट मीच टाइप केलं. वय तीनदा तपासलं. भाच्याचा कान आता बरा आहे, डाव्या बाजूनं हाक मारली तर एखाद्या वेळी दोनदा मारावी लागते, तो म्हणतो तसं काही नाही, पण मंडपाच्या कामावरून रात्री येताना तो चौक सोडून मागच्या गल्लीतून येतो, चार किलोमीटर जास्त. हेल्मेट मात्र घालतो आता.

पुढच्या मंगळवारी कोर्टात तारीख आहे, त्यामुळे दुकान दुपारपर्यंत बंद राहील. ज्यांची भाडेकराराची प्रिंट बाकी आहे त्यांनी सोमवारीच घेऊन जा, आणि येताना ओळखपत्राची झेरॉक्स आणा, प्रिंटर परत रुसलाय.